मागणी लिहून घ्या : शेतकरी कामगार पक्षाला खुले पत्र

प्रति,
सरचिटणीस आणि मध्यवर्ती समितीचे सर्व सदस्य,
शेतकरी कामगार पक्ष



मी रायगड जिल्ह्यातला एक मतदार. तुमच्या पक्षाचा सभासद नाही, पण लाल बावट्याला मत देत आलेल्या गावांतला आहे. आज विधानसभेत तुमचा एकच आमदार आहे, तोही सांगोल्याचा. रायगडने तुम्हाला २०२४ मध्ये एकही जागा दिली नाही. अशा वेळी आघाडी सरकारात लहान पक्षाने कसे वागावे, यावर तुम्हाला पत्र लिहिणे कुणाला अवेळी वाटेल. मला ही वेळ योग्य वाटते. सरकार बनताना मुंबईत रात्री-अपरात्री बैठका चालू असतात, तेव्हा कुठलाही पक्ष शांतपणे विचार करू शकत नाही. आपण कशासाठी सरकारात जाणार आणि कशासाठी बाहेर पडणार, हे सत्ता लांब असतानाच ठरवून ठेवावे लागते.

तुमचा पक्ष कधी काय होता, हे तरुण कार्यकर्त्यांना सांगावे लागते. १९४७ साली काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या माणसांनी तो उभा केला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही त्यातली मोठी नावे. दोघेही काही वर्षांत काँग्रेसमध्ये परतले, तरी पक्ष टिकला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तो पुढे होता. साठच्या दशकात कृष्णराव धुळप विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. आजच्या २८८ जणांच्या सभागृहात विरोधी बाकांवरच्या एकाही पक्षाकडे त्या पदाचा दावा पक्का करणारे २९ आमदार निवडून आले नाहीत, हे लक्षात घेतले की त्या काळचा तुमचा दबदबा समजतो. १९७८ साली तुमचे १३ आमदार होते, १९९९ साली ५, २००४ साली २ आणि २०१९ साली १. या उतरंडीची कारणे अनेक आहेत. सहकारी साखर कारखान्यांनी गावचे राजकारण काँग्रेसकडे बांधून घेतले, मुंबईचा गिरणी कामगार उखडला गेला, शेतकऱ्याची नवी पिढी शेतकरी संघटनेकडे आणि नंतर जातीच्या व धर्माच्या राजकारणाकडे गेली. हे सगळे तुमच्या हातात नव्हते. जे तुमच्या हातात होते, त्याबद्दलच मला बोलायचे आहे.

१९९९ ची गोष्ट घ्या. त्या निवडणुकीत काँग्रेसला ७५ आणि राष्ट्रवादीला ५८ जागा मिळाल्या. बेरीज १३३. बहुमताला १४५ हवेत. म्हणजे बारा आमदार कमी होते आणि तुमच्याकडे पाच होते. उरलेली उणीव जनता दल, भारिप-बहुजन महासंघ, माकप, समाजवादी, रिपब्लिकन आणि अपक्ष अशा जोडणीतून भरायची होती. विलासराव देशमुखांचे सरकार ज्या खांबांवर उभे राहिले, त्यांतला तुमचा खांब लहान असला तरी काढून चालणारा नव्हता. गणपतराव देशमुख आणि मीनाक्षीताई पाटील मंत्री झाले. इतकी सौदाशक्ती तुमच्या हातात त्याआधी फक्त १९७८ मध्ये आली होती आणि नंतर कधीच आली नाही.

२००२ साली तुम्ही पाठिंबा काढला आणि ते सरकार काही दिवस खरोखर डगमगले. कारण काय होते? रायगड जिल्हा परिषदेत राष्ट्रवादीने शिवसेनेशी हातमिळवणी करून तुम्हाला सत्तेबाहेर ठेवले. राज्यात मित्र आणि जिल्ह्यात वैरी, हे तुम्ही सहन केले नाही.

तुमचा राग खोटा होता असे मी म्हणणार नाही. रायगडात जिल्हा परिषद म्हणजे तुमच्या पक्षाचा श्वास होता. गावातली शाळा, विहिरीची मंजुरी, समाजमंदिर, आरोग्य केंद्रातली नेमणूक, रस्त्याची खडी, सगळे तिथून हलत होते. आमदार मुंबईत असतो, जिल्हा परिषद सदस्य मात्र संध्याकाळी ओटीवर भेटतो. ती जागा मित्रपक्षाने शत्रूच्या मदतीने काढून घेतली, तर चीड येणारच. शिवाय ज्या जातीयवादाला रोखण्यासाठी म्हणून ही आघाडी बांधली, त्याच शिवसेनेला राष्ट्रवादीने जवळ केले होते. तत्त्वाचा मुद्दाही तुमच्या बाजूने होता.

तरीही हे लिहिणे भाग आहे. राज्य सरकार पाडण्याइतकी ताकद लहान पक्षाला फार तर एकदा वापरता येते. ती तुम्ही अध्यक्षपदाच्या भांडणावर वापरली. कापसाच्या भावासाठी, धरणग्रस्तांसाठी, संपादित जमिनीच्या बदल्यात द्यायच्या साडेबारा टक्क्यांच्या रखडलेल्या भूखंडांसाठी किंवा दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी ती वापरली असती, तर त्या गावांतल्या माणसाला तुमचे बाहेर पडणे आपले वाटले असते. जे घडले ते वर्तमानपत्रांत दोन पक्षांमधली कुरबुर म्हणून छापून आले आणि विसरले गेले. सरकार टिकले. २००४ मध्ये तुमचे पाचाचे दोन झाले.

याउलट १९७८ बघा. पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात शरद पवार मुख्यमंत्री होते, एन. डी. पाटील सहकारमंत्री होते, गणपतरावही मंत्रिमंडळात होते. त्या सरकारात जनता पक्षातला जनसंघी गटही होता, त्यामुळे वैचारिक सोवळे पाळायला जागा नव्हती. सरकार दोन वर्षेही टिकले नाही, १९८० च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींनी ते बरखास्त केले. पण त्या काळावर बोट ठेवून दाखवता येईल असे काही मागे उरले. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने १९७७ मध्ये केला होता, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता, हा हक्क कायद्याच्या पुस्तकात आला. श्रेय एकट्या तुमच्या पक्षाचे नाही. योजनेची मूळ मांडणी काँग्रेसच्या वि. स. पागे यांची होती आणि ती १९७२ च्या दुष्काळातच सुरू झाली होती. पण दुष्काळी कामांवरच्या मजुरांना संघटित करून, खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीचा प्रश्न सभागृहात आणि रस्त्यावर लावून धरणाऱ्यांत तुमचे कार्यकर्ते होते, लाल निशाण पक्षाचे होते, कम्युनिस्ट आणि समाजवादी होते. त्या रेट्याशिवाय सरकारी योजनेचा कायदा झाला नसता.

या कायद्याचा एक धागा आजही शहरी महाराष्ट्राच्या खिशातून जातो. पगारातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत तीनशे. हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठीच लावला गेला. शहरातल्या नोकरदाराने गावातल्या मजुराच्या कामासाठी कर द्यायचा आणि तितकीच भर सरकारने घालायची, अशी ती रचना होती. शहर आणि गाव यांना एका हिशेबात बांधणारा इतका स्वच्छ विचार महाराष्ट्रात पुन्हा झालेला मला दिसत नाही. तुमच्या पक्षाच्या नावातले शेतकरी आणि कामगार हे दोन शब्द त्या एका करात एकत्र आले होते. तुमच्या आजच्या एखाद्या तरी भाषणात हे ऐकायला मिळावे, अशी माझी इच्छा आहे.

रायगडसाठी आणखी महत्त्वाचे असे की महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा १९७९ चा, म्हणजे त्याच काळातला. त्याच्याकडे मी पुढे येतो.

सत्तेबाहेर असताना तुम्ही जे मिळवले, त्याने तर मला नेहमीच थक्क केले आहे. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा तुमचे नेते दि. बा. पाटील उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या रक्तातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे सरकारला मान्य करावे लागले. भूसंपादनात शेतकऱ्याला फक्त पैसे न देता विकासात वाटा द्यायचा, हा विचार उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी सरकारच्या गळी उतरवला. दि. बां.नी पुढे पक्ष सोडला, पण तो लढा तुमच्याच बावट्याखाली लढला गेला.

२००८ तर अगदी जवळचे. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतल्या ४५ गावांची जमीन जाणार होती. ऐंशीच्या उंबरठ्यावरचे एन. डी. पाटील गावोगाव सभा घेत होते. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत २१ सप्टेंबरला जिल्हा प्रशासनाला शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. मोठ्या उद्योगाला जमीन द्यायची की नाही, हे सातबाराधारकाला मतपत्रिकेवर विचारले गेले. सेझ झाला नाही. तेव्हा विधानसभेत तुमचे दोन आमदार होते.

आता हे सगळे शेजारी ठेवून बघा. दोन आमदारांवर सेझ थांबला आणि पाच आमदार सरकारात असताना सांगण्यासारखे काय झाले, हे आठवावे लागते. माझा निष्कर्ष साधा आहे. रस्त्यावर असताना तुमच्या मागणीला गावाचे नाव असते, गट नंबर असतो, तारीख असते. सरकारात गेल्यावर तीच मागणी किमान समान कार्यक्रमाच्या एखाद्या मोघम वाक्यात विरघळते आणि वाटाघाटी खाती, महामंडळे व विधान परिषदेची जागा यांवर येऊन थांबतात.

हे फक्त तुमचे झाले असे नाही. आयर्लंडचा लेबर पक्ष मध्यम-डावा आणि जुना. आर्थिक पेचाच्या काळात, २०११ साली, ३७ जागा जिंकून तो फिन गेल या उजवीकडच्या पक्षाबरोबर सरकारात गेला. समलिंगी विवाहाला मान्यता देणारे २०१५ चे सार्वमत व्हावे म्हणून या पक्षाने जोर लावला आणि ते जिंकले गेले. मोठे काम होते. पण त्याच पाच वर्षांत एकल मातांच्या भत्त्यात कपात झाली, पाण्यावर पट्टी लागली आणि कामगार वस्तीतल्या मतदाराने ते लक्षात ठेवले. २०१६ मध्ये ३७ च्या ७ झाल्या. लहान पक्षाने सरकारात एखादी चांगली गोष्ट मिळवणे पुरत नाही. जी माणसे त्याला निवडून देतात, त्यांच्या चुलीपर्यंत पोचणारी गोष्ट मिळवावी लागते, आणि त्यांच्यावर घाव पडत असेल तर उठून उभे राहावे लागते.

अलीकडच्या काळाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण जखमा ताज्या आहेत. २०१९ मध्ये तुमच्या चिन्हावर लोह्यातून निवडून आलेल्या एकमेव आमदाराने ४ जुलै २०२२ रोजी विश्वासदर्शक ठरावावर एकनाथ शिंदे सरकारच्या बाजूने मत दिले. आदल्या दिवशी विधानसभेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते महाविकास आघाडीबरोबर होते. पक्षात वाढलेला, बावट्याखाली तुरुंगात गेलेला कार्यकर्ता सोडून ज्याला तिकीट हवे त्याला ते दिले, की हे होते. २०२४ च्या जुलैत विधान परिषदेच्या निवडणुकीत तुमच्या सरचिटणीसांचा पराभव झाला, मित्रपक्षांची मते फुटली. त्याच वर्षी विधानसभेला उरणमध्ये तुम्ही आणि ठाकरेंची शिवसेना समोरासमोर लढलात. तुमच्या दोघांची मते एकत्र केली तर विजयी उमेदवाराच्या किती तरी पुढे जातात. सांगोल्यातही आघाडीतल्याच पक्षाचा उमेदवार तुमच्यासमोर होता, तिथे माजी आमदार गणपतराव देशमुखांची पुण्याई आणि कार्यकर्त्यांची मेहनत कामी आली. या प्रत्येक प्रसंगी तुम्ही मित्रपक्षांनी दगा दिला असे सांगितलेत. ते खरे असेल. पण मित्राने कशाशी दगा केला, हे लोकांना सांगता आले पाहिजे. कागदावर वचनच नसेल, तर मोडले काय?

म्हणून माझी सूचना खारभूमीपासून सुरू होते. पेण आणि अलिबागच्या खाडीकाठी जी भातशेती आहे, ती बांधांवर जगते. उधाणाचे पाणी बाहेरच्या बांधाने अडवायचे, आतले पावसाचे पाणी उघाडीतून सोडायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था. पूर्वी गाव मिळून बांध राखत असे. पुढे सरकारने खारभूमी योजना हाती घेतल्या आणि गावाची जबाबदारी खात्याकडे गेली. आता बांधाला खांड पडते, अर्ज जातो, अंदाजपत्रक बनते, निधी येत नाही. पुढच्या उधाणाला खारे पाणी शेतात शिरते. एक वर्ष पीक जाते, दुसऱ्या वर्षी जमीन खारवते आणि काही वर्षांत तिथे कांदळवन उगवते. कांदळवनाला न्यायालयाच्या आदेशाने संरक्षण आहे, आणि ते असलेच पाहिजे, समुद्राच्या माऱ्यापासून तेच किनाऱ्याला वाचवते. पण सरकारी बांध सरकारने न दुरुस्त केल्यामुळे जी भातजमीन कांदळवन झाली, तिचा मालक शेत परतही मिळवू शकत नाही आणि त्याला भरपाईही मिळत नाही. सातबारावर भातशेती, समोर जंगल. मग दलाल येतो आणि ती जमीन कवडीमोलाने मागतो.

हा प्रश्न तुमचा आहे. तो मोठ्या पक्षांच्या जाहीरनाम्यात येणार नाही, कारण त्यात मुंबईच्या वाहिन्यांना रस नाही. खर्च काही मेट्रोइतका नाही. कोणत्या योजनेची किती मीटर बंदिस्ती फुटली आहे, हे खात्याला माहीत असते आणि नसेल तर तुमचे कार्यकर्ते आठवड्याभरात मोजून देतील. फुटलेल्या बांधांची गाववार यादी, दुरुस्तीची तारीख, आणि सरकारच्या हयगयीने बुडालेल्या जमिनीला भरपाईचा नियम, इतके एका पानावर मावते. पुढच्या आघाडीच्या बैठकीत हे पान टेबलावर ठेवा. त्याच्या बाजूला साडेबारा टक्क्यांच्या उरलेल्या प्रकरणांची यादी ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्‍घाटन झाले, त्याला दि. बां.चे नाव देण्याच्या मागणीत सगळे पक्ष आघाडीवर आहेत. नाव द्यावेच, पण ज्यांच्या जमिनीसाठी ते लढले त्यांचे भूखंड अजून फायलीत असतील, तर त्या फायलींचे नाव घेणारा एक तरी पक्ष हवा.

सांगोल्याकडे वेगळे पान लागेल. १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव आणि भारत पाटणकर यांनी मागितले होते ते समन्यायी वाटप, म्हणजे कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांत आणायचे आणि ते प्रत्येक कुटुंबाला मिळेल असे वाटायचे. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी आले. वाटपाचे तत्त्व अपुरे राहिले. तुमच्या सांगोल्याच्या आमदारांना हे माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

कुणी म्हणेल, एका आमदाराच्या पक्षाला अटी घालायला कोण देतो? १९९९ मध्येही कुणी निवडणुकीआधी मानले नसते की पाच आमदारांवर सरकार अडेल. महाराष्ट्रात स्वबळावर एका पक्षाला बहुमत १९८५ नंतर मिळालेले नाही. गणित पुन्हा कधी तुमच्या दारात येईल हे कुणालाच सांगता येणार नाही, जिल्हा परिषदेत आणि पंचायत समितीत तर ते सतत येते. तिथून सुरुवात करा. जिल्हा परिषदेत कुणालाही पाठिंबा देण्याआधी लेखी करार करा, तो सही झाल्याच्या दिवशी जाहीर करा, आणि दर सहा महिन्यांनी गावात वाचून दाखवा. राज्यात सरकार बनेल तेव्हा आधी मागणीचे पान आणि मग खाते, हा क्रम पाळा. मंत्रिपद घ्या, त्यात कमीपणा नाही, एन. डी. आणि गणपतरावांनीही घेतले होते. पण सरकारातून बाहेर पडण्याचे कारण त्या पानावरच्या ओळीखेरीज दुसरे असू नये, हे आधीच जाहीर करून टाका. त्याने तुमचे हात बांधले जातील. मित्रपक्षालाही कळेल की कोणती ओळ मोडली तर तुम्ही उठणार आहात. आज त्यांना वाटते की तुमची नाराजी एका जागेवर मिटते.

आणि उमेदवारी, कृपा करून, ज्याने किमान एक आंदोलन तुमच्याबरोबर केले आहे अशालाच द्या.

दर वर्षी २ ऑगस्टला तुम्ही वर्धापनदिनाचा मेळावा घेता. जिल्ह्याजिल्ह्यांतून गाड्या भरून कार्यकर्ते येतात, पावसात भिजत उभे राहतात. येत्या मेळाव्यात युतीचे काय होणार यावरची भाषणे थोडी कमी करा आणि खारबंदिस्ती, साडेबारा टक्के व समन्यायी पाणी यांची ती पाने गावांच्या नावांसकट व्यासपीठावरून वाचा, छापून वाटा. आमच्या गावच्या बांधाचे नाव त्यात असेल, तर आघाडीत जागा मिळो न मिळो, मी आणि माझ्यासारखे अनेक जण तुमच्याबरोबर उभे राहू.

आपला,
रायगड जिल्ह्यातील एक मतदार